दार उघडलं त्या बाजूला: रानात बेपत्ता झालेल्या एका वृद्धाच्या शोधाचा प्रकरण अभ्यास

मी ६७ वर्षांची आहे आणि २६ वर्षं खाजगी तपासाचं काम करते. गेली १२ वर्षं फक्त एकाच प्रकारची प्रकरणं घेते: डोंगरात किंवा जंगलात गेलेला माणूस परत आला नाही, सरकारी शोध थांबला आणि घरच्यांना काहीच कळलं नाही. पुढचं प्रकरण घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत. हरवलेल्या गृहस्थांना इथे काका म्हणते.

काका ७१ वर्षांचे, निवृत्त. एका सकाळी घरातून निघाले, बसमधून डोंगराच्या पायथ्याच्या थांब्यावर उतरले आणि परत आले नाहीत. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा १४ महिने होऊन गेले होते. मधे एक पावसाळाही सरला होता.

फाईल

सरकारी शोध नऊ दिवस चालला होता. श्वानपथक, ड्रोन, गिर्यारोहक, गावची तरुण मुलं, कुणी हात आखडता घेतला नव्हता. हे आधीच सांगते, कारण घरचे लोक रागात असतात आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्याला तो राग वापरायचा मोह होतो. शोध प्रामाणिक होता, फक्त चुकीच्या जागी झाला होता.

तो त्या जागी का झाला, हे फाईलच्या तिसऱ्या पानावर होतं. थांब्यावरून उत्तरेकडे शिखराची वाट जाते आणि त्या वाटेवर दहाच्या सुमारास दोन तरुणांनी काकांना पाहिलं होतं. वय, अंगकाठी, पांढरी टोपी, सगळं जुळत होतं. मग नकाशावर शिखराच्या बाजूचे सहा तुकडे पाडले आणि त्यांची खडान्‌खडा झडती झाली. थांब्याच्या दक्षिणेला उतरणारी दरी नकाशात होती, पण कुठल्याच तुकड्यात नव्हती.

शोधाचं गणित आहे, आणि ते मला फार जवळचं आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी बर्नार्ड कूपमन या गणितज्ञानं अमेरिकी नौदलात ते उभं केलं. पुढे तेच जमिनीवरच्या शोधात आलं. प्रत्येक तुकड्याला माणूस तिथे असण्याची टक्केवारी द्यायची. तुकडा शोधून झाला की, तो तिथे असता तर आपल्याला दिसला असता का, याचा प्रामाणिक अंदाज घ्यायचा आणि उरलेली टक्केवारी नव्यानं वाटायची. यात एक रकाना नेहमी ठेवावा लागतो, 'बाकीचं जग'. म्हणजे आपल्या सगळ्या तुकड्यांच्या बाहेर माणूस असण्याची शक्यता.

समजा, शोधपथकानं सहा तुकड्यांना मिळून ९५ दिले आणि बाकीच्या जगाला ५. नऊ दिवसांत त्या ९५चा शोध ८० टक्के नेटका झाला असं धरू. मग तिथे उरले १९. एकूण उरले १९ अधिक ५, म्हणजे २४. बाकीचं जग आता २४ पैकी ५, जवळजवळ २१ टक्के. जे पहिल्या दिवशी नगण्य वाटत होतं ते नवव्या दिवशी पाचातलं एक झालं, आणि तेही कुणी तिकडे पाऊल न टाकता. रिकाम्या हातानं परत आलेला प्रत्येक दिवस काहीतरी सांगत असतो. तिथे मात्र रोज संध्याकाळी 'उद्या पुन्हा तेच, पण बारकाईनं' असं ठरत गेलं.

आणि मीसुद्धा तेच केलं. ते लपवत नाही. पहिले आठ दिवस मी शिखराच्या वाटेवर घालवले. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर मीही मान डोलावली. ते आठ दिवस त्या कुटुंबाचे होते, त्यांच्या पैशांचे होते, आणि ते मला अजून टोचतात.

स्वयंपाकघर

नवव्या दिवशी मी डोंगरावर गेले नाही, काकांच्या घरी गेले. मुलगा कामावर होता. काकू एकट्या होत्या. त्यांची आणि माझी याआधी तीनदा भेट झाली होती, पण दर वेळी मुलगा शेजारी बसलेला आणि उत्तरं तोच द्यायचा. पोलिसांच्या जबाबातही असंच: 'प्रकृती उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, रोज चालायची सवय.' वाक्यं मुलाची आणि खाली सही काकूंची.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "ताई, त्या दिवशी ते काय काय घेऊन गेले ते नको. काय घरी राहिलं, ते दाखवा."

हा प्रश्न मी नेहमी विचारते. माणूस काय घेऊन गेला हे आठवून सांगावं लागतं आणि आठवण दगा देते. राहिलेल्या वस्तू समोर असतात. काकूंनी चष्म्याचं घर दाखवलं, पाण्याची बाटली दाखवली. मग कपाटाचा खण उघडला. त्यात कानाचं यंत्र होतं.

"हे विसरले वाटतं त्या दिवशी?"

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विसरले नाहीत हो. हल्ली ते कशासाठी असतं हेच यांच्या ध्यानात येत नव्हतं."

पुढचे दोन तास त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. वर्षभर आधीपासून सुरुवात झाली होती. गॅस चालू राहायचा. एकच गोष्ट पाच वेळा विचारली जायची. एकदा भर दुपारी ते कपडे करून बसले, म्हणाले, नोंद घ्यायला जायचंय, उशीर झाला. काकूंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेईल, मग चारचौघांत बोभाटा होईल, आणि हे आयुष्यभर ताठ मानेनं जगलेले. नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून त्या गप्प राहिल्या. बेपत्ता झाल्यावर तर आणखीच गप्प झाल्या, कारण आता ते सांगणं म्हणजे आपणच त्यांना एकटं सोडलं याची कबुली होती.

गणवेशातल्या तरुण अधिकाऱ्यासमोर ही बाई हे का बोलली नाही, ते मला कळतं. माझ्यासमोर बोलली, त्यात माझं कसब थोडं आणि पांढऱ्या केसांचा वाटा मोठा. या धंद्यात वय झालेल्या बाईकडे लोक आधी जरा संशयानंच बघतात: ही डोंगर काय चढणार? पण बेपत्ता माणसाचा निम्मा शोध घराच्या आतल्या खोलीत असतो, आणि त्या खोलीचं दार मला उघडतात.

मी विचारलं, "कसली नोंद?"

काका तरुणपणी पाणीमोजणीच्या कामावर होते. दक्षिणेच्या दरीत ओढ्यावर एक मोजणी-ठाणं होतं. पाण्यात उभी रोवलेली आकडे लिहिलेली पट्टी, काठावर पाऊस मोजायचं नळकांडं आणि एक लहानशी खोली. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला तिथे पोचायचं, पाण्याची उंची आणि पावसाचा आकडा वहीत लिहायचा. त्यांनी ते अकरा वर्षं केलं. ठाणं बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली होती. फाईलमध्ये याचा एक शब्द नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. फाईलमध्ये काका 'निवृत्त, हौशी पदभ्रमण करणारे' होते.

हा एक शब्द बदलला की सगळा शोध बदलतो. रॉबर्ट कोस्टर यांनी हरवलेल्यांच्या शोधांची पन्नास हजारांहून अधिक प्रकरणं गोळा करून २००८ साली प्रसिद्ध केली. त्यांतून दिसतं की पदभ्रमण करणारा, शिकारी, लहान मूल, स्मृतिभ्रंश झालेला माणूस, हे सगळे वेगवेगळ्या तऱ्हेनं हरवतात. वाट चुकलेला पदयात्री पुन्हा वाट शोधतो, उंचावर जातो, हाकेला ओ देतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुधा ज्या दिशेनं निघाला त्याच दिशेनं जात राहतो, आणि अडकेपर्यंत जात राहतो. झुडपात, घळीत, ओढ्याच्या पात्रात. पुष्कळदा जुन्या घराकडे नाहीतर जुन्या कामाकडे त्याची ओढ असते. मदतीसाठी ओरडत नाही. हाक मारली तर उत्तर देत नाही. पुष्कळदा शेवटच्या ठिकाणापासून फार लांबही गेलेला नसतो.

२००९ साली यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनीच्या सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर बहुतेक सरळ गेले. आभाळ झाकलेलं असताना मात्र जंगलात ते गोल गोल फिरले आणि आपलीच वाट ओलांडून गेले, तरी त्यांना वाटत होतं की आपण सरळच चाललो आहोत. हरवलेल्याला शोधताना हे मी कायम मनात ठेवते. काकांच्या बाबतीत मात्र मी ते बाजूला ठेवलं. आपण हरवलोय असं त्यांना वाटतच नसणार. ते कामावर निघाले होते.

साक्ष

मग ते दोन तरुण? मी दोघांना वेगवेगळ्या दिवशी भेटले. साक्षीदारांना एकत्र बसवलं की दोघांची मिळून एक गोष्ट तयार होते आणि दोघांनाही ती आपली वाटते. शिवाय या दोघांनी काकांचा फोटो आधी भिंतीवरच्या पत्रकात पाहिला होता आणि मग जबाब दिला होता.

पहिल्यानं जबाबातलंच सांगितलं. दुसऱ्याला मी म्हटलं, फोटो विसर, त्या सकाळचं सांग, तुम्ही मागे होतात की पुढे? तो म्हणाला, "आम्ही मागून येत होतो. मी लांबूनच हाक मारली, काका, शिखराची वाट हीच ना? तर त्यांनी वळून हात केला आणि म्हणाले, हो, सरळ जा."

घरच्या खणात कानाचं यंत्र होतं. त्याशिवाय काकांना समोर बसून बोललेलंही धड ऐकू यायचं नाही. डॉक्टरांच्या तपासणीचा कागद काकूंनी जपून ठेवला होता. मागून, लांबून, वाऱ्यात मारलेली हाक ऐकून वळणारा माणूस काका असूच शकत नव्हते. त्या वाटेवर त्या दिवशी पांढऱ्या टोपीचे दुसरे कुणी गृहस्थ होते, आणि ते संध्याकाळी सुखरूप घरी गेले असणार. त्यांना कधी कळलंही नसेल की त्यांच्यामुळे नऊ दिवसांचा शोध एका बाजूला वळला.

मुलांवर मी रागावले नाही. त्यांनी मदत करायची म्हणूनच सांगितलं होतं.

ही साक्ष गळाल्यावर खात्रीचं शेवटचं ठिकाण एकच उरलं: बसचा थांबा. तिथे कंडक्टर पक्का होता, कारण काका रोजचे प्रवासी नव्हते आणि उतरताना त्यांनी तिकीट त्याच्या हातात परत दिलं होतं. वेळ ८:५०. मी त्या बसनं तीनदा प्रवास केला. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं ते असं: बसचं दार दक्षिणेच्या बाजूला उघडतं. शिखराची वाट रस्ता ओलांडून पलीकडे आहे. उतरणाऱ्या माणसाच्या समोर, दहा पावलांवर, मैलाच्या दगडामागे झुडपात जुन्या पायवाटेचं तोंड आहे. ठाऊक असलेल्यालाच ते दिसेल. काकांना ते अकरा वर्षं रोज दिसलं होतं.

फोन

काकांकडे बटणांचा साधा फोन होता. कॉलच्या नोंदी खाजगी तपासनिसानं परस्पर मिळवायच्या नसतात. हे मी ठळकपणे सांगते, कारण आमच्या धंद्यातले काही लोक ते करतात आणि मग खरी प्रकरणंही न्यायालयात ढासळतात. मी तपास अधिकाऱ्याला भेटले, काकूंचं सगळं सांगितलं आणि एकच विनंती केली, शेवटच्या संपर्कात टॉवरपासूनचं अंतर नोंदलं गेलंय का ते विचारा.

शेवटचा संपर्क ११:४०चा होता. टॉवरचं नाव फाईलमध्ये होतं आणि तो टॉवर शिखराच्या वाटेवरूनही दिसतो एवढ्यावर समाधान मानलं गेलं होतं. पण जुन्या जीएसएम फोनमध्ये लहर जायला-यायला लागणाऱ्या वेळावरून टॉवर एक आकडा ठरवतो, आणि त्यातली एकेक पायरी साधारण ५५० मीटरची असते. हा आकडा नेहमी जपून ठेवलेला असतोच असं नाही. आमच्या सुदैवानं होता: ९. म्हणजे टॉवरपासून सुमारे ५ ते साडेपाच किलोमीटर. टॉवरच्या ज्या तोंडानं फोन पकडला ते साधारण १२० अंशांचं. नकाशावर कंपास ठेवून मी तो कंस काढला. अर्धा किलोमीटर रुंदीचा पट्टा शिखराची वाट एका जागी कापत होता आणि मग खाली येऊन दक्षिणेच्या दरीच्या वरच्या अंगावरून जात होता. वरचा छेद पथकानं दोनदा पिंजून काढला होता. खालच्याला कुणी हात लावला नव्हता. ११:४०नंतर फोन गप्प झाला, तेही जुळत होतं. त्या जागेच्या पुढे वाट घळीत उतरते आणि डोंगराची सोंड टॉवरच्या आड येते.

गुडघा

नव्या नकाशावर ठाण्याची वाट नव्हती. काकांचे एक जुने सहकारी अजून हयात होते. त्यांनी थरथरत्या हातानं ती कागदावर काढून दिली: कुठे वळण, कुठे पाणी लागतं, कुठे दोन कातळ एकमेकांना टेकलेत. वनखात्याची परवानगी घेतली आणि मी एका २९ वर्षांच्या वाटाड्याबरोबर उतरले. तो चांगला माग काढतो. १४ महिन्यांनी पाऊलखुणा काढायला कुणालाच येत नाहीत, पण कुठलं झुडूप किती जुनं, कुठला दगड पाण्यानं हलवलाय आणि कुठला नाही, हे त्याला कळतं.

दोन दिवस काही नाही. मी हळू चालते. दोन काठ्या, तासाला किलोमीटरभरसुद्धा नाही. पोरगा पुढे जाऊन थांबायचा.

तिसऱ्या दिवशी वाट संपली. जुन्या वाटेचा एक भाग पावसानं कधीतरी वाहून गेला होता आणि तिथे छातीइतक्या उंचीचा कातळाचा टप्पा तयार झाला होता. वाट टप्प्याखाली पुढे जाताना स्पष्ट दिसत होती. वाटाड्यानं कातळावर हात टेकला आणि उडी मारून खाली उतरला. "या मावशी, हात देतो."

मी काठावर पाय सोडून बसले, आणि माझ्या उजव्या गुडघ्यानं नकार दिला. त्या नकारावर मी विश्वास ठेवायला शिकलेय. तिथे बसल्या बसल्या मी विचार केला: काका ७१ वर्षांचे. एकटे. खाली हात द्यायला कुणी नाही. त्यांना ही वाट ठाऊक आहे, पण हा टप्पा त्यांच्या आठवणीत नाही. ते इथे थांबले असतील, गोंधळले असतील, आणि मग पायाला जे सोपं ते केलं असेल.

डावीकडे जनावरांच्या येण्याजाण्यानं पडलेली एक वाट होती. सौम्य उताराची, गुडघ्याला मानवणारी. ती मुख्य ओढ्याकडे न जाता बाजूच्या एका घळीत शिरत होती.

"तिकडे," मी म्हटलं.

"पण ठाण्याची वाट तर खाली आहे, मावशी."

"काकांना ती खालची दिसली, पण पोचता आलं नाही."

तरुण शोधकर्ते काहीही चुकीचं करत नाहीत. फक्त त्यांची शरीरं वेगळं सांगतात. चपळ माणूस अशा जागी सहज खाली उतरतो आणि आपण वाट सोडली नाही असं समजतो. म्हातारा माणूस त्याच जागी वळतो.

घळ सुमारे दोनशे मीटरनंतर दाट झुडपानं बंद झाली. आधी वाटाड्याला बुटाचा तळ दिसला. रबराचा, उलटा पडलेला, अर्धा मातीत. मग पट्ट्याचं बक्कल. बाकीचं आणखी खाली होतं, कारण पाणी आणि जनावरं दोन्ही वस्तू उताराकडेच नेतात. आम्ही पुढे गेलो नाही. अशा जागी पुढचं प्रत्येक पाऊल एखादा पुरावा मोडतं. जीपीएसवर जागा नोंदवली, लांबून फोटो घेतले, आलो त्याच पावलांवरून मागे फिरलो आणि सिग्नल आला तिथून पोलिसांना फोन केला. पोरगा गप्प होता. पहिल्यांदाच सापडत होतं त्याला. मी त्याला पाणी दिलं आणि आम्ही पोलीस येईपर्यंत त्या कातळावर बसून राहिलो.

ओळख मुलाच्या डीएनएवरून पटली. मोडलेलं हाड आढळलं नाही. मृत्यूचं कारण ठरवता येत नाही, असा अहवाल आला, आणि १४ महिन्यांनंतर तो असाच यायला हवा होता. थांब्यापासून ती जागा सरळ रेषेत १.४ किलोमीटर भरली.

त्यानंतर

माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर आता वर दोन गोष्टी आहेत. घरातल्या प्रत्येकाला एकट्यानं भेटायचं. आणि माणसानं आयुष्यात कुठे कुठे काम केलं, कुठल्या घरांत राहिला, याची यादी करायची, अगदी पन्नास वर्षांपूर्वीपर्यंतची. स्मृतिभ्रंशाचा संशय असो वा नसो. तपास अधिकाऱ्यानं माझ्याकडून तो कागद मागून घेतला, याचं मला फार बरं वाटलं.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात अशा घरांच्या दुःखाला वेगळं नाव दिलं, कारण तिथे माणूस गेलाही नसतो आणि असतही नाही. काकूंनी १४ महिने कपाट आवरलं नव्हतं. सुतक धरलं नव्हतं आणि सोडलंही नव्हतं. बातमी सांगायला मी आणि मुलगा बरोबर गेलो. मुलाला आईच्या गुपिताबद्दल मी आधी काही सांगितलं नव्हतं. ते तिनंच त्याला सांगितलं, माझ्यासमोर. तो तिच्या पायाशी बसला. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

जाताना काकूंनी एकच विचारलं. "एवढी माणसं हाका मारत होती नऊ दिवस. यांना ऐकू गेलं असेल का? आणि कुणी येत नाही असं वाटलं असेल?"

"नाही," मी म्हटलं. "हाका डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होत्या, आणि यंत्र खणात होतं."

त्यांनी मान हलवली. महिन्याभरानं त्यांचा फोन आला की ती जागा बघायचीय. घळीपर्यंत नेणं शक्य नव्हतं. आम्ही दोघी त्याच बसनं गेलो आणि थांब्यावर उतरलो. बस निघून गेली. काकू मैलाच्या दगडाशी उभ्या राहून झुडपातल्या त्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा यांना डबा द्यायला मी इथवर यायचे."

आम्ही तिथे परतीच्या बसची वाट बघत थांबलो.